घरगुती इंटरनेट-जोडणीवरून वेब-सर्व्हर चालविण्याचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

घरात इंटरनेटची जोडणी आहे, संगणक आहे आणि जगापुढे ठेवण्याजोगा मजकूरही आहे. असे असता तो मजकूर परक्याच्या यंत्रावर न ठेवता घरातील यंत्रावरूनच प्रसृत करता येईल काय, असा प्रश्न अनेक अभ्यासकांच्या मनात येतो. प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे इंटरनेटच्या रचनेतील बहुतेक मूलभूत गोष्टींचा विचार करावा लागतो आणि त्या रचनेत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे स्थित्यंतर झाले त्याचेही दर्शन घडते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या तांत्रिक बाजूचे विवेचन करावयाचे असून, शेवटी अभ्यासकाच्या दृष्टीने त्यातून काय निष्पन्न होते हे पाहावयाचे आहे.

तत्त्वतः पाहता यात अडचण काहीच नाही. वेब-सर्व्हर हे एखाद्या विशिष्ट जातीचे यंत्र नव्हे. कोणत्याही संगणकावर चालणारा, एका ठराविक पोर्टवर येणाऱ्या मागणीची वाट पाहणारा आणि मागणी येताच तिला अनुरूप असे पृष्ठ पाठविणारा कार्यक्रम, एवढीच त्याची व्याख्या आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत जगातील पहिला वेब-सर्व्हर सुरू केला तो टेबलावर ठेवावयाच्या एका नेक्स्ट संगणकावर. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटविलेली होती. त्या संगणकाची शक्ती आजच्या सामान्य भ्रमणध्वनीहून कितीतरी कमी होती. तेव्हा यंत्राचे सामर्थ्य हा प्रश्नाचा गाभा नव्हे, हे प्रारंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

इंटरनेटच्या मूळ कल्पनेतही वाचक आणि प्रकाशक असा भेद नव्हता. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुप्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले होते की, जी कार्ये टोकांच्या यंत्रांनाच पूर्णत्वाने व अचूक करता येतात ती मधल्या जाळ्यावर सोपविण्यात अर्थ नाही. या विचारानुसार बुद्धी टोकाला असते आणि मधले जाळे केवळ वाहक असते. साहजिकच टोकाला असलेले प्रत्येक यंत्र मागणीही करू शकते आणि पुरवठाही करू शकते. मग आज घरातील यंत्राला पुरवठा करणे दुष्कर का झाले? त्याची कारणे प्रामुख्याने चार आहेत: पत्त्यांची टंचाई, वाहिनीची असमता, उघड्या दाराची जोखीम आणि सेवेच्या करारातील मर्यादा. त्यांचा क्रमाने विचार करू.

२. पत्त्यांची टंचाई आणि वाड्याचा दरवाजा

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक आकडेवजा पत्ता असावा लागतो. सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या नियमांनुसार, म्हणजे आयपीव्ही-४ अन्वये, हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. त्यामुळे एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होऊ शकतात. त्या काळी ही संख्या अफाट वाटली असल्यास नवल नाही. परंतु पृथ्वीवरील लोकसंख्येहून ती कमी आहे. जागतिक पातळीवरील शिल्लक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला आणि आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वसाधारण साठा त्याच वर्षी १५ एप्रिल रोजी आटला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट-सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली होती खरी. तथापि ग्राहकांच्या संख्येची प्रचंड वाढ झाली ती २०११ नंतर, म्हणजे कोठार रिकामे झाल्यावर. आपल्याकडील घरगुती जोडण्यांचे स्वरूप समजून घेताना हा कालक्रम विसरून चालणार नाही.

या टंचाईवर १९९४ मध्ये एक उपाय सुचविला गेला. त्याला पत्ता-रूपांतर अथवा संक्षेपाने नॅट असे म्हणतात. घरातील सर्व यंत्रांना केवळ घरापुरते पत्ते द्यावयाचे आणि बाहेरच्या जगासाठी सर्वांनी मिळून एकच पत्ता वापरावयाचा, हे त्याचे सार होय. अशा खाजगी पत्त्यांसाठी १९९६ मध्ये काही पट्टे कायमचे राखून ठेवण्यात आले, १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे, घरोघर आढळणारे पत्ते त्यांपैकीच आहेत.

नॅटचे कार्य समजण्यास जुन्या पुण्यातील वाड्याचे उदाहरण उपयोगी पडेल. वाड्यात दहा बिऱ्हाडे आहेत, पण बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच क्रमांक ठाऊक आहे. देवडीवर एक कारकून बसला आहे. एखाद्या बिऱ्हाडकरूने बाहेर पत्र पाठविले की कारकून आपल्या वहीत नोंद करतो: अमक्या बिऱ्हाडातून तमक्या गावी पत्र गेले. उत्तर आले की वही पाहून तो ते योग्य बिऱ्हाडी पोचते करतो. ही व्यवस्था उत्तम चालते. मात्र पत्रव्यवहाराचा आरंभ आतून झालेला असला पाहिजे. उद्या कोणी अनोळखी पाहुणा थेट देवडीवर येऊन नुसता वाड्याचा क्रमांक सांगू लागला, तर वहीत नोंद नसल्यामुळे कारकून त्यास परत पाठवितो. वेब-सर्व्हरकडे येणारा प्रत्येक वाचक हा असाच आगंतुक पाहुणा असतो. म्हणूनच घरातला सर्व्हर घरातील यंत्रांवरून दिसतो, पण बाहेरून दिसत नाही.

यावर इलाज सोपा आहे. कारकुनाला कायमची आज्ञा देऊन ठेवावयाची की, ८० अथवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टची चौकशी करीत जो कोणी येईल त्याला तिसऱ्या बिऱ्हाडाकडे धाडावे. यालाच पोर्ट-अग्रेषण म्हणतात. राउटर आपल्या ताब्यात असेल तर पाच मिनिटांत ही आज्ञा नोंदविता येते. आतील यंत्राचा खाजगी पत्ता मात्र स्थिर ठेवावा लागतो. अन्यथा बिऱ्हाड बदलते आणि आज्ञा जुन्याच खोलीकडे बोट दाखवीत राहते.

३. वेशीवरचा दुसरा कारकून

खरी अडचण यापुढेच आहे. पत्ते संपल्यावर सेवादात्यांना प्रत्येक ग्राहकास स्वतंत्र पत्ता देणेही परवडेनासे झाले. तेव्हा त्यांनी नॅटची तीच युक्ती आपल्या केंद्रात योजिली. आता वाड्यालाही स्वतंत्र क्रमांक राहिला नाही. संपूर्ण पेठेला मिळून एकच क्रमांक, आणि पेठेच्या वेशीवर दुसरा कारकून. या व्यवस्थेला वाहक-पातळीवरील नॅट म्हणतात. तिच्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते राखून ठेवण्यात आले. एका पत्त्यावर पोर्ट ६५,५३६ असतात. तो पत्ता समजा ६४ ग्राहकांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्यास १,०२४ पोर्ट येतात. वाचन करणाऱ्यास तेवढे बहुधा पुरतात. परंतु ८० आणि ४४३ हे क्रमांक त्या पत्त्यावर एकेकच असल्यामुळे ते सर्व ग्राहकांना देणे शक्यच नसते. शिवाय वेशीवरचा कारकून आपला नोकर नव्हे. त्याला आज्ञा देण्याचा अधिकार ग्राहकास नाही.

आपली जोडणी या प्रकारात मोडते की नाही हे ओळखण्याची रीत अशी: राउटरच्या स्थिति-पृष्ठावर त्याचा बाहेरील पत्ता पाहावा आणि बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळास आपला पत्ता कोणता दिसतो तो पाहावा. दोन्ही एकच असतील तर मार्ग मोकळा आहे. भिन्न असतील, आणि विशेषतः राउटरवरील पत्ता वर सांगितलेल्या पट्ट्यात येत असेल, तर पोर्ट-अग्रेषणाचा कितीही खटाटोप केला तरी व्यर्थ आहे. अनेकांचे दिवसच्या दिवस या एका साध्या परीक्षेअभावी वाया जातात.

अशा वेळी तीन मार्ग उरतात. पहिला, जादा शुल्क भरून सेवादात्याकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे. दुसरा, सहाव्या आवृत्तीचा, म्हणजे आयपीव्ही-६ चा आश्रय करणे. या आवृत्तीत पत्ता १२८ द्विमान अंकांचा असून एकंदर पत्ते ३४ या आकड्यावर ३७ शून्ये द्यावीत इतके होतात. घरातील प्रत्येक यंत्राला जागतिक पत्ता मिळू शकतो आणि कारकुनाची गरजच उरत नाही. ज्या वाचकाच्या जोडणीवर केवळ चौथी आवृत्ती आहे त्याला मात्र असा सर्व्हर दिसत नाही, ही त्याची मर्यादा. तिसरा मार्ग बोगद्याचा. बाहेर सार्वजनिक पत्ता असलेले एखादे लहानसे यंत्र भाड्याने घ्यावयाचे, घरातील सर्व्हरने आतून बाहेर त्याच्याशी कायमचा संपर्क जोडावयाचा आणि वाचकांच्या मागण्या त्या वाटेने आत आणावयाच्या. आरंभ आतून होत असल्यामुळे दोन्ही कारकुनांची हरकत राहत नाही. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेले वायरगार्ड हे साधन याकामी सोयीचे आहे. कित्येक कंपन्या असा बोगदा तयार स्वरूपातही पुरवितात; परंतु गुप्तलेखन त्यांच्या यंत्रावर उकलले जात असेल, तर आपला व आपल्या वाचकांचा व्यवहार त्यांना वाचता येतो हे विसरू नये. स्वातंत्र्यासाठी घरी आणलेला सर्व्हर अशा रीतीने पुन्हा परक्याच्या पहाऱ्यात जातो.

४. वाहिनीची असमता

पत्त्याचा प्रश्न सुटला तरी वाहिनीचा प्रश्न राहतो. वाचकाला महत्त्व उतरत्या प्रवाहाचे, तर सर्व्हरला चढत्या प्रवाहाचे. दूरध्वनीच्या तारांवरून चालणाऱ्या एडीएसएल पद्धतीत हे दोन प्रवाह हेतुतः असमान ठेवलेले होते. चढत्या प्रवाहास सुमारे २६ ते १३८ किलोहर्ट्झ आणि उतरत्यास १३८ ते १,१०४ किलोहर्ट्झ असे कंप्रतापट्टे नेमून दिले होते. म्हणजे दुसरा पट्टा पहिल्याच्या सुमारे साडेआठ पट रुंद. यामागे केवळ व्यापारी हेतू होता असे मानणे अन्यायाचे होईल. बेलकोर संस्थेतील जोसेफ लेचलायडर यांनी या असमतेचा पुरस्कार केला त्याला भौतिक आधार होता. एका जाड केबलमध्ये शेकडो ग्राहकांच्या जोडतारा शेजारी शेजारी असतात. ग्राहकाकडून निघालेला संकेत दूरध्वनी-केंद्रात पोहोचेपर्यंत क्षीण झालेला असतो आणि तेथे शेजारच्या तारांतून निघणाऱ्या प्रबळ संकेतांच्या गोंगाटात तो बुडून जातो. दोन दिशांना वेगवेगळे पट्टे दिले की हा उपद्रव टळतो. आणि लोक पाठवितात त्याहून अधिक घेतात या गृहीतकानुसार मोठा पट्टा उतरत्या दिशेला दिला गेला.

प्रकाशतंतूच्या युगात ही असमता बरीच कमी झाली आहे. जीपॉन नावाच्या प्रचलित पद्धतीत एका तंतूवर उतरता प्रवाह सेकंदास २.४८८ गिगाबिट आणि चढता १.२४४ गिगाबिट असतो व तो ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. फायबरच्या अनेक योजनांत ग्राहकाला दोन्ही दिशांना समान गती मिळते. असमता नाहीशी होत असली तरी गणित करून पाहणे इष्ट आहे. समजा, चढती गती सेकंदास १० मेगाबिट आहे आणि आपले पृष्ठ चित्रांसह ५०० किलोबाइट, म्हणजे ४ मेगाबिट आहे. तर सेकंदाला अडीच पृष्ठे, म्हणजे तासाला ९,००० पृष्ठे ही वरची मर्यादा झाली. एखाद्या विभागाच्या ग्रंथसूचीस ती विपुल आहे. परंतु त्याच सर्व्हरवर ५०० मेगाबाइटचे ध्वनिमुद्रण ठेवले, तर एकाच वाचकास ते देण्यास ४०० सेकंद लागतील आणि तोपर्यंत घरातील इतरांचा व्यवहार मंदावेल. तात्पर्य, मजकुराचा प्रकार हा गतीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

अंतराचाही हिशेब आहे. तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर धरले, तर एका फेरीस किमान ७२ सहस्रांश सेकंद लागतात. संपर्क जोडणे, गुप्तलेखनाचा करार करणे आणि पृष्ठ मागविणे अशा निदान तीन फेऱ्या होतात. म्हणजे पृष्ठाचे पहिले अक्षर दिसण्यापूर्वी २१६ सहस्रांश सेकंद जातात. हा काळ कोणत्याही पैशाने कमी होत नाही. बड्या कंपन्या मजकुराच्या प्रती देशोदेशी ठेवतात त्याचे कारण हेच.

५. नाव आणि प्रमाणपत्र

घरगुती जोडणीचा पत्ता बहुधा बदलता असतो. वाचकांना आकडा न देता नाव द्यावयाचे आणि नावापुढील आकडा वेळोवेळी दुरुस्त करावयाचा, हा त्यावरचा उपाय. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडलेली नाम-व्यवस्था, म्हणजे डीएनएस, याच कामी येते. घरातील एक लहानसा कार्यक्रम पत्ता बदलल्याबरोबर नोंद सुधारतो. नोंद किती काळ खरी मानावी याची मुदत तिच्यासोबतच असते. ती पाच मिनिटांसारखी अल्प ठेवली म्हणजे बदलाचा परिणाम लवकर सर्वत्र पोहोचतो. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी प्रत्ययाखालीही नावे नोंदविता येतात, हे मराठी अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नावासोबत प्रमाणपत्र हवे. पूर्वी ते विकत घ्यावे लागे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही व्यवस्था सर्वांस खुली झाल्यापासून ते विनामूल्य मिळते. त्याची मुदत हेतुतः अल्प ठेवलेली असल्यामुळे नूतनीकरण यंत्राकडेच सोपविणे श्रेयस्कर. ८० क्रमांकाचे पोर्ट बंद असल्यास डीएनएसमधील नोंदीद्वारे नावाची मालकी सिद्ध करता येते.

६. उघड्या दाराची जोखीम

दार उघडले की आगंतुक येणारच. १९ जुलै २००१ रोजी कोड रेड नावाच्या कृमीने चौदा तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक संगणक ग्रासले. ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १८ जूनलाच प्रसिद्ध केली होती. म्हणजे बळी पडलेल्यांना एक महिना मिळालेला होता. या घटनेनंतर अमेरिकेतील काही सेवादात्यांनी घरगुती ग्राहकांकडे येणारी ८० क्रमांकाची वाट बंद केली. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झेडमॅप या साधनाने असे दाखवून दिले की, एका यंत्रावरून चौथ्या आवृत्तीचे संपूर्ण पत्ताक्षेत्र ४५ मिनिटांच्या आत धुंडाळता येते. तेव्हा आपले घर लहान आहे, ते कोण शोधणार, हा समज निराधार होय. २०१६ मधील मिराय प्रकरणात तर घरगुती कॅमेरे व राउटर केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदलल्यामुळे परक्यांच्या ताब्यात गेले आणि त्यांच्या साह्याने २१ ऑक्टोबर रोजी डिन या नाम-सेवा कंपनीवर हल्ला करण्यात आला.

यावरून काही नियम आपोआप निघतात. आवश्यक तेवढेच पोर्ट उघडावेत. राउटरची व्यवस्थापन-पाटी बाहेरून कधीही दिसू देऊ नये. दुरुस्त्या वेळच्या वेळी कराव्यात. आणि सर्व्हर घरातील इतर यंत्रांपासून वेगळ्या उपजालात ठेवावा, म्हणजे तो पडला तरी घर पडत नाही. शक्य असेल तेथे पृष्ठे स्थिर स्वरूपाची ठेवावीत. ज्या सर्व्हरवर कार्यक्रम चालत नाही, केवळ धारिका वाचून दिल्या जातात, त्यात शिरण्याच्या वाटा फार थोड्या असतात.

७. करार आणि सातत्य

घरगुती सेवेच्या करारात सर्व्हर चालविण्यास मनाई असू शकते. म्हणून तो आधी वाचावा. गूगल फायबरच्या करारातही अमेरिकेत अशी सरसकट मनाई होती. त्याविरुद्ध तेथील दूरसंचार आयोगाकडे तक्रार झाली आणि २०१३ मध्ये कंपनीने वैयक्तिक, बिगर-व्यापारी वापरास मुभा देणारा बदल केला. मनाईमागील भूमिका अशी की, घरगुती दर हा जोडणी सतत वापरली जाणार नाही या गृहीतकावर बेतलेला असतो. ती समजण्यासारखी आहे. पण ‘सर्व्हर’ या शब्दाची व्याख्या जितकी व्यापक, तितका नागरिकाचा प्रकाशनाचा अधिकार संकुचित होतो, हेही तितकेच खरे.

विजेचा खर्च क्षुल्लक आहे. पाच वॅटचे रास्पबेरी पायसारखे यंत्र वर्षभर अखंड चालले तर ४३.८ युनिट वीज खर्च होते. साठ वॅटचा जुना संगणक ५२५.६ युनिट घेतो. सातत्याचे तसे नाही. शेकडा ९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षातून ३ दिवस १५ तास बंद; आणि जेथे पावसाळ्यात वीज जाते, रस्ते खणले जातात, तेथे घरी तेवढीही साधणे सोपे नसते.

८. निष्कर्ष

मग हा उपद्व्याप करावाच कशाला? उत्तरादाखल जिओसिटीजचे उदाहरण पुरेसे आहे. १९९० नंतरच्या दशकात असंख्य सामान्य माणसांनी आपली पृष्ठे त्या सेवेवर विनामूल्य ठेवली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये याहू कंपनीने अमेरिकेतील ती सेवा बंद केली. स्वयंसेवकांनी धडपडून वाचविली तेवढी पृष्ठे राहिली, बाकीची गेली. बोलींचे शब्दसंग्रह, हस्तलिखितांच्या सूची, क्षेत्रकार्याच्या टिपणवह्या असे आपल्याकडील साहित्यही आज बव्हंशी परक्यांच्या यंत्रांवर, त्यांच्या मर्जीवर विसंबून आहे.

तथापि घरी सर्व्हर आणल्याने हे साहित्य आपोआप सुरक्षित होते असेही नव्हे. घरातली तबकडी बिघडली तर परिणाम तोच. या विवेचनातून खरा निष्कर्ष निघतो तो असा की, मालकी यंत्रात नसून नावात आणि प्रतीत आहे. नाव आपल्या नोंदणीचे असेल आणि मजकुराची संपूर्ण प्रत आपल्यापाशी असेल, तर आज घरातून, उद्या भाड्याच्या यंत्रावरून आणि परवा विद्यापीठातून तोच मजकूर त्याच पत्त्यावर वाचकास मिळू शकतो. घरगुती सर्व्हर हा त्यांतील एक मुक्काम होय. ग्रंथसूची, टिपणे, स्थिर पृष्ठे आणि प्रयोग यांना तो योग्य. विद्यार्थ्यांची खाजगी माहिती, परीक्षांचे निकाल किंवा विभागाचा टपालव्यवहार यांना तो सर्वथा अयोग्य. घरगुती पत्त्यांवरून आलेले ई-टपाल बहुतेक ठिकाणी संशयास्पद ठरते, एवढे एक कारणही शेवटच्यास पुरे आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने निदान एकदा तरी हा प्रयोग स्वतः करून पाहावा. पत्ता, नाव, वाहिनी आणि विश्वास या चार गोष्टी कोणाच्या हाती आहेत याचा बोध त्यातून होतो. आणि ज्या माध्यमावर आपल्या भाषेतील ज्ञान यापुढे साठविले जाणार आहे, त्याच्या चाव्या कोठे आहेत हे ठाऊक असणे, हे अभ्यासकाच्या कर्तव्यापैकीच आहे.